जावयाच्या पट्ट्याला हात

सकाळी तो कामाला निघाला आणि बायकोने आतून कडी लावली, की तो बाहेरून दार तीनदा ढकलून बघायचा. एकदा कडी लागली का म्हणून. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा नीट ढकललं होतं का म्हणून. तिसऱ्यांदा कशाला, हे विचारणं बायकोने कधीच सोडून दिलं होतं. ती आतून म्हणायची, "अहो, तुम्हीच दार मोडून ठेवलंत तर चोरांनी काय करायचं?"

दूध तो तापवण्याआधी हुंगायचा आणि तापल्यावर पुन्हा. गॅसचं बटण बंद दिसलं तरी एकदा चालू करून परत बंद करायचा. औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानात वाचायचा, घरी वाचायचा, आणि औषध चमच्यात ओतताना बायकोला वाचायला लावायचा. लेक शाळेत पहिली आली तेव्हा त्याने निकालपत्रावरचा शिक्का खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला होता. ती नापास होऊन आली असती तर कदाचित लगेच विश्वास बसला असता.

झाडं छाटणाऱ्या आणि उतरवणाऱ्या एका टोळीत तो दोर धरायचा. टोळी चौघांची. एक मशीनची करवत घेऊन झाडावर चढणारा, एक खालून त्याचा दोर धरणारा, तोडलेल्या फांद्या ओढून गाडीत भरणारी मावशी, आणि स्कूटरवर बसून घाई करणारा मुकादम. टोळीत त्याला सगळे शंकासुर म्हणत, तेही तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. वीस वर्षांपूर्वी खालच्या माणसाला असं कुणी म्हटलं असतं, तर आपला उजवा खुबा आज धड असता, असं त्याचं म्हणणं होतं.

कारण वीस वर्षांपूर्वी वर चढणारा तो स्वतः होता. खालच्या माणसाने "बघितलं" म्हटलं आणि तो चढला. खालच्याने बघितलं नव्हतं. मनात काही वाईट नव्हतं बिचाऱ्याच्या. रोज सगळं ठीक असतं, तसं आजही असेल, इतकंच. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर कमरेची कडी उघडली. तेव्हापासून तो किंचित तिरका चालायचा, आणि 'बघितलं' हा शब्द त्याच्या लेखी फुकट होता. चढणारा जमिनीवरून पाय उचलण्याआधी तो त्याच्यासमोर उभा राहायचा आणि चार ठिकाणी हात लावायचा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली. कमरपट्ट्याचं बक्कल. पट्ट्याची कडी, म्हणजे तिचा पेच पूर्ण फिरलाय की नाही. आणि कडीतली दोराची गाठ. नुसतं बघायचा नाही, पोत्याला धरून हिसका द्यावा तसा प्रत्येकाला हिसका द्यायचा. चढणारा डोलायचा, शिव्या द्यायचा, मगच वर जायचा.

आताचा चढणारा त्यानेच शिकवून तयार केला होता. वेलीसारखा सरसर चढणारा, कमी बोलणारा पोरगा. त्याला अरेतुरे करून, कान पकडून शिकवलं. आणि या सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला, आपण रोज घरी डबा विसरतो कसे आणि लेक तो कामावर आणून देते कशी, याचा संशय दीड वर्ष आला नाही. डबा लेकच पिशवीतून काढून ठेवायची. मावशीला हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

लग्न झालं. चौथ्या दिवशी चौघं पुन्हा एका झाडाखाली उभी राहिली. त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले, आणि ते मधेच थांबले. समोर जावई उभा होता. जावयाच्या हनुवटीखाली बोट कसं घालायचं? त्याच्या कमरेला धरून हिसका कसा द्यायचा? मुकादम बघत होता, मावशी बघत होती. त्याने हात मागे घेऊन पाठीशी बांधले आणि विचारलं, "सगळं ठीक ना, जावईबापू?"

"हो मामा," जावई म्हणाला.

त्या दिवसापासून तेवढंच. तीन वर्षं, रोज सकाळी, "सगळं ठीक ना" आणि "हो मामा". दाराला, दुधाला, गॅसला न मिळालेला मान जावयाच्या पट्ट्याला मिळाला.

या हिवाळ्यात त्याला दोरावर दातांचे ठसे दिसले.

दोर धुणं, वाळवणं, गुंडाळून ठेवणं हे त्याचं काम. दोर तो घरी पलंगाखालच्या पेटीत ठेवायचा, कारण ठेकेदाराच्या गोदामावर त्याचा भरवसा नव्हता. इंच इंच दोर तो बोटांतून सरकवून बघायचा. तर चढणाऱ्याच्या बाजूच्या टोकाला, गाठ बसते तिथे, वरचं आवरण कुरतडल्यासारखं झालं होतं.

"घरात उंदीर आहे," त्याने जाहीर केलं.

"गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, पाल आहे. पाल होती. म्हणून उंदीर असेलच असं नाही," बायको म्हणाली.

पिंजरा आला. दोन दिवस पिंजरा रिकामा आणि दोरावर नवे ठसे. तिसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन आली तेव्हा तो पलंगावर बसून दोर चावत होता. तिने कप खाली ठेवला आणि दारातच थांबली.

"बघतोय," तो दोर तोंडातून काढत म्हणाला. "हे बघ. हे माझे दात. आणि हे ते. सारखेच. उंदीर नाही, माणूस आहे."

"आता कोणाला पिंजऱ्यात घालताय?"

तो हसला नाही. गाठ आवळायला दोन हात पुरतात. त्याने शिकवलेल्या माणसाला तर एकसुद्धा पुरायला हवा. मग दात कशाला? ज्याचे हात थरथरतात तो दात लावतो. हात कोणाचे थरथरतात? पिणाऱ्याचे. हे गणित त्याने मनात तीनदा करून बघितलं, दाराच्या कडीसारखं, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवसापासून तो जावयाच्या तोंडाजवळ जाऊन बोलू लागला. जावई मागे सरकला की हा पुढे. वास फक्त टूथपेस्टचा. मग पिशवी राहिली. जावई हल्ली एक स्टीलचा थर्मास आणायचा आणि काम सुरू होण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उघडायचा. एकदा तो झाडावर असताना दोर मावशीच्या हातात देता येणार नव्हता, म्हणून शंकासुराने जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम धरला. जावई हात धुवायला गेला तसा याने थर्मास उघडून हुंगला. मग झाकणात ओतला. मग जीभ लावली.

गरम पाणी. चहा नाही, साखर नाही, काही नाही. नुसतं गरम पाणी.

मावशी तोडलेल्या फांदीवर बसून भाकरीचा तुकडा मोडत होती. "काय दादा, जावयाचं पाणी जोखताय?"

"थर्मास चांगला आहे. आपणही घ्यावा म्हणतो."

"घ्या ना. आणि घेतल्यावर त्यालाही जीभ लावून बघा."

गरम पाण्याने त्याचा संशय मिटायला हवा होता. तो वाढला. ज्याला लपवायचं असतं तो थर्मासमध्ये दारू ठेवेल हे समजण्यासारखं आहे. गाडीच्या मागे जाऊन चोरून गरम पाणी घेणाऱ्या माणसाचं काय समजायचं?

रविवारी लेक आणि जावई नातीला घेऊन जेवायला आले. नात दीड वर्षांची. आली तशी आजोबांच्या पायाला बिलगली, मग बापाकडे गेली आणि हात वर करून उभी राहिली. बापाने खाली बघितलं, तिच्या डोक्यावर मनगट फिरवलं आणि खिडकीजवळ जाऊन बसला. पोर तशीच हात वर करून उभी. लेकीने येऊन तिला उचललं, आणि उचलताना नवऱ्याकडे असं बघितलं, की आजोबांनी ते बघणं मनात नोंदवून ठेवलं.

जेवताना जावयाच्या हातातून चमचा दोनदा पडला. चहाचा कप त्याने दोन्ही तळव्यांत धरला, कानाला बोट न लावता, आणि चहा निवून गेला तरी कप सोडला नाही. अंगात त्याने बिनबटणाचा गळ्यातून घालायचा शर्ट घातला होता. पूर्वी तो लेकीला भेटायला येताना शर्टाला इस्त्री करून, वरचं बटणसुद्धा लावून यायचा.

जेवणं झाल्यावर लेक भांडी घासायला आईजवळ उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दाराआड पेपर घेऊन उभा राहणं शंकासुराला नवं नव्हतं.

"तो तिला उचलतच नाही गं आई. दोन महिने झाले. मुद्दाम टाळतो. मी दिली तर म्हणतो, ठेव, कपडे मळके आहेत. अंघोळ करून आलेला असतो."

"मुलगी झाली म्हणून?"

"तसं असतं तर आधीही उचलली नसती. आधी खाली ठेवायचा नाही." थोडा वेळ नळ वाहिला. "माझ्या केसांतही हात घालत नाही आता. कोणी दुसरी असेल का?"

"झाडावर कोण भेटणार त्याला?" आई म्हणाली. पण तिचा आवाज तितकासा पक्का नव्हता.

पेपर घेऊन तो बाहेरच्या खोलीत आला. जावई खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात हात पसरून बसला होता. उन्हात दिसलं. डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्याची दोन, मधल्या पेरापासून पुढे पांढरी होती. चुन्यात बुडवल्यासारखी. सासऱ्याची चाहूल लागताच त्याने हात मांडीखाली घेतले.

"थंडी फार आहे नाही, जावईबापू?"

"हो मामा."

त्या दुपारी शंकासुर पलंगावर पडून राहिला. दात, गरम पाणी, चमचा, बटणं, पोर, पांढरी बोटं. एकाच दोराची टोकं असल्यासारखं सगळं एका जागी आलं. टोळीत पूर्वी एक म्हातारा करवतवाला होता. आयुष्यभर मशीन चालवलं आणि शेवटी बिडी बोटांतच जळून जायची तरी त्याला कळायचं नाही. सगळे हसायचे. हाही हसला होता. मशीनची थरथर बोटांत शिरते आणि बोटं मरतात, असं तो म्हातारा म्हणायचा. थंडीत तर जास्तच.

बोटं मेलेला माणूस रोज तीस-चाळीस फुटांवर चढत होता, आपली गाठ आपण बांधत होता, आणि आपण खालून मान वर करून विचारत होतो, सगळं ठीक ना.

सोमवारचं झाड मोठं होतं. शाळेच्या आवारातलं, छपरावर कललेलं, एका बाजूने पोखरलेलं. मुलांना सुट्टी देऊन सकाळचा वेळ दिला होता. मुकादम आल्यापासून घड्याळ बघत होता. मावशीने खालची जागा फीत बांधून मोकळी केली. हवा बोचरी होती. जावई गाडीमागे जाऊन आला, हातमोजे चढवून झाडाखाली उभा राहिला, आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघू लागला.

शंकासुर तिरका तिरका चालत त्याच्यासमोर गेला आणि हनुवटीखाली बोट घातलं.

जावई दचकून मागे झाला. "काय मामा?"

"उभे राहा."

"अहो, सगळं ठीक आहे."

"असेल."

मावशीने फांदी खाली टाकली. "आज काय जावयाची झडती?"

हेल्मेटचा पट्टा ठीक होता. बक्कल ठीक होतं. त्याने बक्कल धरून हिसका दिला, तीन वर्षांनी, आणि जावयाची मान लाल झाली. मग त्याने कडीवर बोट ठेवलं. पेच सैल होता. कडीच्या तोंडावर नुसता टेकलेला, एक आटासुद्धा धरलेला नव्हता. अंगठ्याने ढकलली तशी कडी उघडली.

"पेच लावलेला नाही."

"लावलाय मामा. आत्ता गाडीमागे फिरवला मी. चार वेळा फिरवला."

तो खोटं बोलत नव्हता. हे शंकासुराला लगेच कळलं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. पोराने खरंच चार वेळा बोटं फिरवली होती. बोटं फिरली होती, पेच जागचा हलला नव्हता, आणि फरक त्याला कळलाच नव्हता.

"हातमोजे काढा."

"मामा, सगळे बघतायत."

"बघू दे. काढा."

बोटं पांढरी होती. शंकासुराने त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला, तळवा वर केला. "डोळे मिटा. हातावर एक वस्तू ठेवतो. काय आहे ते सांगायचं."

जावयाने डोळे मिटले. शंकासुराने जमिनीवरून करंगळीएवढी काटकी उचलली आणि त्याच्या तीन बोटांवर आडवी ठेवली. थोडी दाबली. तिला एक काटा होता, तोही टेकला. मुकादम स्कूटरवरून उतरला. मावशी जवळ आली.

"ठेवा ना," जावई डोळे मिटूनच म्हणाला.

मावशीने मुकादमाकडे बघितलं.

"ठेवा की मामा. उशीर होतोय."

"ठेवलंय," शंकासुर म्हणाला.

जावयाने डोळे उघडले आणि काटकीकडे बघत राहिला. मग अगदी खालच्या आवाजात तो म्हणाला, "मुकादमाला नका ना सांगू. चढणं सोडून मला दुसरं काही येत नाही. तुम्हीच शिकवलंत." मुकादम दोन हातांवर उभा होता, पण जावयाला वाटलं असावं, आपण ऐकवलं नाही म्हणजे त्याने ऐकलं नाही.

"घरी कळलं तर तीही चढू द्यायची नाही," तो पुढे म्हणाला.

"तिला वाटतंय, तुझं बाहेर कुठे तरी आहे."

जावयाचं तोंड उघडं राहिलं. मग तो हसला, एकदाच, नाकातून. "माझं? मला चमचा धरता येत नाही."

मुकादम घसा खाकरून म्हणाला, "हे बघा, बोटाबिटांचं नंतर बघू. आज एवढं झाड उतरवू या. शंकासुरा, पेच तू आवळून दे आणि जाऊ दे त्याला वर. छप्पर गेलं तर माझी मान जाईल."

पेच आवळून देणं सोपं होतं. वर गेल्यावर मात्र त्याला कडी बदलावी लागणार होती, फांदी बदलताना गाठ सोडून पुन्हा बांधावी लागणार होती, आणि तिथे चार ठिकाणी हात लावणारं कोणी नव्हतं. जावयाने कडीकडे बघितलं, मग झाडाकडे. जायला तो तयार होता. तेच तर.

शंकासुराने खांद्यावरचा दोर काढला आणि जमिनीवर ठेवला. टाकला नाही, नीट गुंडाळी करून ठेवला. दोर धरणाऱ्याने दोर खाली ठेवला की कोणी चढत नाही, हा टोळीतला जुना नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, आणि मुकादमाने तो गेल्या वीस वर्षांत मोडताना कोणी बघितलं नव्हतं.

"मावशी, तू धर," मुकादम म्हणाला.

"माझी कंबर दुखते," मावशी म्हणाली. सकाळपासून ती एकटीने अर्धी गाडी भरत होती.

जावयाने पट्टा सोडायला घेतला. बक्कल त्याच्या बोटांना सापडेना. शंकासुर पुढे झाला आणि त्याने ते सोडलं, तेव्हा जावई त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तीन वर्षं हात लावला नाहीत. आजच सुचलं?"

"चुकलं माझं," शंकासुर म्हणाला. हे वाक्य बायकोने ऐकलं असतं तर तिने ते खरं आहे का म्हणून तीनदा विचारलं असतं.

दोघं लेकीच्या घरी पोचले तेव्हा दहाही वाजले नव्हते. लेकीने दार उघडलं, बाप आणि नवरा असे अवेळी एकत्र बघून तिचा चेहरा आक्रसला.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही. आत तर येऊ दे," बाप म्हणाला. "आणि पाणी गरम कर. थोडं नाही, पातेलंभर."

परातीत पाणी आलं, जावयाने हात बुडवले, आणि तेव्हा कुठे त्याने सांगायला सुरुवात केली. तुटक तुटक. मशीन हातात घेतलं की तासाभराने बोटं जातात. गरम पाण्याने परत येतात, थोडी. आता थोडीसुद्धा येत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी पोरीला उचललं होतं, आणि ती हातांतून सरकत होती ते त्याला कळलंच नाही. पलंगावर पडली, म्हणून वाचली.

"मला का नाही सांगितलंस?" लेक म्हणाली.

"तू चढू दिलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

तिने परातीत हात घातला आणि त्याचं एक बोट धरून नखाने दाबलं. "कळतंय?"

"नाही."

"आता?"

"दाबतेयस एवढं दिसतंय."

मग अंगठ्याजवळ तिने जोरात चिमटा काढला आणि तो ओरडला. "हा आहे अजून जागेवर," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. रडण्यापेक्षा जास्त तिला राग आलेला दिसत होता, आणि तो कुठल्या गोष्टीचा, हे तिचं तिलाच लावता येत नसावं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मशीनला आता हात लावायचा नाही. हात गरम ठेवायचे. बोटं पूर्वीसारखी होतील असं मी सांगणार नाही, काही महिन्यांनी थोडी परत येतीलही. शंकासुराने डॉक्टरांची भिंतीवरची पदवी उठून जवळ जाऊन वाचली, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. दोघांचं आधी बोलणं झालं असावं, असं त्याला अजून वाटतं.

मुकादमाने नवा चढणारा आणला. जावई सध्या खाली मावशीबरोबर असतो, फीत बांधतो, कोणी आवारात शिरलं तर अडवतो, फांद्या खांद्यावरून वाहतो. सासऱ्याशी कामापुरतं बोलतो. महिनाभर तर तेवढंही नव्हतं. मावशी म्हणते, येईल ताळ्यावर. शंकासुराला संशय आहे, की तो गुपचूप दुसऱ्या टोळीत चढायला जागा शोधतोय. आता हा रोज संध्याकाळी दोर धुताना चढणाऱ्याच्या बाजूचं टोक आधी बघतो. आणि मग लेकीकडे जाऊन उगाचच जावयाची पिशवी हलवून बघतो.

परवा गेला तेव्हा जावई भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. नात त्याच्या मांडीवर, आणि त्याने दोन्ही हातांची नुसती कोपरं तिच्याभोवती आवळली होती. लेक समोर भाजी निवडत होती, अर्धं लक्ष तिकडे. शंकासुर त्यांच्या शेजारी बसला. त्याने नातीच्या पाठीमागे हात घालून जावयाची पकड एकदा ओढून बघितली. मग परत एकदा.

"पक्की आहे मामा," जावई म्हणाला.

"असेल," तो म्हणाला, आणि हात तिथेच ठेवला.